४,२९,४९,६७,२९७ : संख्या-सिद्धांताची प्रस्तावना

कोणत्याही शास्त्राची ओळख दोन तऱ्हांनी करून देता येते. आधी व्याख्या, मग प्रमेये, मग उदाहरणे ही एक तऱ्हा. पाठ्यपुस्तके बहुधा हाच क्रम पाळतात. दुसऱ्या तऱ्हेत एकच वस्तू हाती घ्यायची आणि ती समजून घेताना ज्या कल्पनांची गरज पडेल त्या तेव्हाच्या तेव्हा मिळवायच्या. संख्या-सिद्धांताला ही दुसरी तऱ्हा अधिक मानवते. या शास्त्रातल्या कित्येक मोठ्या कल्पना कुणाला तरी एखाद्या सुट्या संख्येने छळले म्हणूनच निघालेल्या आहेत. या प्रस्तावनेसाठी निवडलेली संख्या अशीच आहे: ४,२९,४९,६७,२९७. वाचायची तर चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव.

आकाराने ती काही फार मोठी नाही. रुपयांत मांडली तर एखाद्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात सहज खपून जाईल. पण संख्येचा आकार आणि तिचा स्वभाव या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला रस आहे तो स्वभावात. ही संख्या कशी बनली? तिला कोण भागते? तिच्या शेजारच्या संख्यांशी तिचे नाते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. संख्या-सिद्धांत हे आकडेमोडीचे शास्त्र आहे हा समज खरा नाही. कमीत कमी आकडेमोड करून जास्तीत जास्त ठामपणे बोलण्याचे ते शास्त्र आहे.

सुरुवात १६४० सालापासून करू. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर द फेर्मा न्यायखात्यात अधिकारी होता आणि फावल्या वेळात गणित करत असे. त्याने फारसे काही छापले नाही; त्याचे बहुतेक शोध मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून जगापुढे आले. मूळ संख्या देणारे एखादे सूत्र सापडते का, हा प्रश्न त्याला पडला होता. २ चा कोणताही घात घेऊन त्यात १ मिळवला तर मूळ संख्या केव्हा मिळेल? घातांकाला १ सोडून दुसरा विषम विभाजक असेल तर मिळत नाही, हे चटकन दिसते. उदाहरणार्थ, २ चा सहावा घात ६४. त्यात १ मिळवला की ६५, म्हणजे ५ गुणिले १३. तेव्हा घातांक स्वतःच २ चा घात असला पाहिजे: १, २, ४, ८, १६, ३२ असा. पहिल्या पाच घातांकांनी मिळणाऱ्या संख्या अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ आहेत. सहावी म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक १, हीच आपली संख्या. फेर्माने फ्रेनिक्ल या गणितप्रेमी मित्राला कळवले की या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असे आपल्याला वाटते. पक्की सिद्धता मात्र हाती नाही. आज या संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात.

पाच उदाहरणे जुळली म्हणून सहावे जुळेल असे मानायला गणितात जागा नाही. पण सहावे उदाहरण तपासायचे तरी कसे? शाळेत शिकवलेली रीत सांगते की संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहा. आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ हून केसभर जास्त आहे आणि तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला हजारो वेळा भागायचे, तेही कागदावर. काम अशक्य नव्हे, पण त्याला कोणी सहजासहजी हात घालणार नाही. सुमारे नव्वद वर्षे हा प्रश्न तसाच राहिला.

१७२९ च्या डिसेंबरात ख्रिश्चन गोल्डबाखने सेंट पीटर्सबर्गला असलेल्या लेओनहार्ड ऑयलरला पत्र लिहून फेर्माच्या या विधानाबद्दल विचारले. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता. सुरुवातीला त्याने फारसे मनावर घेतले नाही. मग मात्र तो त्यात शिरला तो कायमचा. १७३२ मध्ये त्याने उत्तर जाहीर केले: ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. फेर्माचा अंदाज पहिल्या न तपासलेल्या पायरीवरच कोसळला होता.

उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची. ती समजायला बाक्यांचे गणित पुरते, आणि ते आपण रोज करतो. आज मंगळवार असेल तर शंभर दिवसांनी कोणता वार, हे सांगताना कोणी दिवस मोजत बसत नाही. शंभराला सातने भागल्यावर बाकी दोन उरते, म्हणून गुरुवार. संपूर्ण संख्या बाजूला ठेवून फक्त तिच्या बाकीशी व्यवहार करायचा, हे संख्या-सिद्धांताचे पहिले आणि सर्वांत उपयोगी हत्यार. फेर्माने याच १६४० सालात बाक्यांविषयी एक सुंदर प्रमेय सांगितले होते. ‘प’ ही २ हून मोठी मूळ संख्या असेल, तर २ च्या घातांना ‘प’ ने भागत गेल्यावर बाक्यांचे एक चक्र तयार होते आणि त्या चक्राची लांबी ‘प उणे १’ ला नेहमी निःशेष भागते.

हे प्रमेय आपल्या संख्येला लावू. समजा ‘प’ हा तिचा मूळ विभाजक आहे. म्हणजे २ च्या बत्तिसाव्या घाताला ‘प’ ने भागले तर बाकी ‘उणे १’ धरता येईल. तिचा वर्ग केला की २ च्या चौसष्टाव्या घाताची बाकी १. चक्र चौसष्टाव्या पायरीवर पुरे झाले. त्याआधी पुरे होणे शक्य नव्हते, कारण ६४ चा प्रत्येक लहान विभाजक ३२ लाही भागतो आणि मग बत्तिसाव्या पायरीवर १ मिळाला असता. तेव्हा ६४ ने ‘प उणे १’ ला भागलेच पाहिजे; ‘प’ हा ६४ च्या पटीत एक मिळवलेला असलाच पाहिजे. ६,५४२ उमेदवारांपैकी जवळजवळ सगळे एका फटक्यात बाद झाले. उरलेल्यांत ओळीने पहिल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवा भागाकार, आणि काम फत्ते. फेर्माचा अंदाज मोडला तो फेर्माच्याच प्रमेयाने.

पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युकाने ही चाळणी आणखी बारीक केली. ज्या मूळ संख्येला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, तिच्या बाक्यांच्या जगात २ ही कुठल्या तरी संख्येच्या वर्गाची बाकी असते. एवढ्या एका गोष्टीमुळे ६४ च्या जागी १२८ घेता येतात. आता उमेदवार राहतात २५७ आणि ६४१. पैकी २५७ ही स्वतःच फेर्मा संख्या आहे, आणि दोन वेगळ्या फेर्मा संख्यांना सामाईक विभाजक नसतो, हे आपण लवकरच पाहू. म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१.

तरीही कोणी म्हणेल, एक भागाकार तरी करावाच लागला ना? तोही टाळता येतो. ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनी लिहा. एक: ५ गुणिले १२८, अधिक १. दोन: ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्या रूपावरून कळते की ६४१ ने भागल्यास ५ गुणिले १२८ ची बाकी ‘उणे १’. १२८ हा २ चा सातवा घात; दोन्ही बाजूंचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, याची बाकी १. दुसऱ्या रूपावरून कळते की ६२५ च्या जागी ‘उणे १६’ ठेवता येईल. १६ हा २ चा चौथा घात, म्हणून गुणाकार होतो ‘उणे २ चा बत्तिसावा घात’, आणि त्याचीही बाकी १. तेव्हा २ चा बत्तिसावा घात अधिक १ यात ६४१ चा भाग निःशेष जातो. दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही. विद्यार्थ्याने ही सिद्धता पाठ करू नये. स्वतः दोनदा लिहून काढावी. तिसऱ्यांदा पाहायची गरज पडणार नाही.

सगळीच माणसे या वाटेने जात नाहीत हेही खरे. झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा १८१२ मध्ये लंडनला आला. वय आठ वर्षांच्या आसपास. तोंडी हिशेबांच्या कार्यक्रमांसाठी तो प्रसिद्ध होता. त्याला ही संख्या विचारली तेव्हा त्याने ६४१ हा विभाजक मनातल्या मनात सांगितला. अशा देणगीचे कौतुक करावे. पण शास्त्र उभे राहते ते सर्वांना चालता येईल अशा वाटेवर.

आता शेजारपाजार पाहू. आधीच्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार करा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. उत्तर येते ४,२९,४९,६७,२९५, आपल्या संख्येहून बरोबर दोनने कमी. हा योगायोग नाही. प्रत्येक फेर्मा संख्या ही तिच्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकाराहून दोनने मोठी असते. म्हणून दोन फेर्मा संख्यांना सामाईक विभाजक असलाच तर तो २ ला भागणारा हवा; पण या संख्या विषम आहेत, तेव्हा असा विभाजक नाही. त्या परस्परांशी सहमूळ आहेत. फेर्मा संख्या अनंत आहेत, प्रत्येकीचे मूळ अवयव इतरांपासून वेगळे आहेत, म्हणून मूळ संख्याही अनंत असल्याच पाहिजेत. हा युक्तिवाद गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला कळवला होता. युक्लिडच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या सिद्धतेहून वेगळ्या वाटेने तो त्याच मुक्कामी पोचतो.

संगणकाशी संबंध असलेल्यांना ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या ओळखीची वाटेल. बत्तीस बिटांत मावणारी ती सर्वांत मोठी पूर्ण संख्या आहे. आपली संख्या त्या चौकटीच्या किंचित बाहेर पडते. द्विमान पद्धतीत ती १, मग एकतीस शून्ये, मग पुन्हा १ अशी लिहिली जाते.

पुढचा दुवा भारतीय वाचकाला खास जवळचा आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात ‘भावना’ नावाची रीत दिली आहे. तिचे एक साधे रूप असे: दोन संख्या प्रत्येकी दोन वर्गांची बेरीज असतील, तर त्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो आणि साधारणपणे तो दोन वेगळ्या तऱ्हांनी तसा लिहिता येतो. आपल्या संख्येचे अवयव घ्या. ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७,००,४१७ म्हणजे २,५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. आता तिरकस आणि सरळ गुणाकार करू. २५ गुणिले २,५५६ म्हणजे ६३,९००. ४ गुणिले ४०९ म्हणजे १,६३६. त्यांची बेरीज ६५,५३६ आणि वजाबाकी ६२,२६४. दुसरीकडे २५ गुणिले ४०९ म्हणजे १०,२२५ आणि ४ गुणिले २,५५६ म्हणजे १०,२२४. त्यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९. म्हणजे आपली संख्या ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, आणि ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही. पहिले रूप तर तिच्या व्याख्येतच होते. दुसरे तिच्या अवयवांनी दिले. ऑयलरने याची उलट बाजूही वापरली: एखादी विषम संख्या दोन वेगळ्या तऱ्हांनी दोन वर्गांची बेरीज होत असेल, तर ती मूळ असू शकत नाही. ६२,२६४ आणि २०,४४९ एवढी एक जोडी दाखवली की फेर्माचा अंदाज चुकल्याचे सिद्ध होते, विभाजकाचे नावही न घेता.

विभाजक न दाखवता संख्या संयुक्त ठरवणे, ही कल्पना पुढे स्वतंत्र शाखा बनली. फेर्माचे प्रमेय सांगते की ‘प’ ही २ हून मोठी मूळ संख्या असेल तर २ च्या ‘प उणे १’ व्या घाताची बाकी १ येते. ही कसोटी आपल्या संख्येला लावली तर ती उत्तीर्ण होते! २ च्या चौसष्टाव्या घातालाच बाकी १ येते, आणि ६४ ने ‘संख्या उणे १’ ला, म्हणजे २ च्या बत्तिसाव्या घाताला, भाग जातोच. संयुक्त असून मूळ असल्याचे सोंग वठवणाऱ्या अशा संख्यांना छद्ममूळ संख्या म्हणतात. सोंग उघडे पाडायला २ ऐवजी ३ घ्यावे लागतात. १८७७ मध्ये पेपँ या फ्रेंच जेझुइटाने फेर्मा संख्यांसाठी अशी एक अचूक कसोटी दिली. आपल्या संख्येसाठी ती अशी चालते: ३ चा वर्ग करा, त्या बाकीचा वर्ग करा, असे एकतीस वेळा. संख्या मूळ असेल तर शेवटी बाकी ‘उणे १’ आलीच पाहिजे, आणि नसेल तर येणार नाही. प्रत्यक्षात बाकी येते १,०३,२४,३०३. संख्या संयुक्त आहे, निर्णय पक्का. तिचे अवयव कोणते याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

हा भेद नवख्या वाचकाने नीट मनात ठेवावा. ‘मूळ आहे का?’ आणि ‘अवयव कोणते?’ हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण त्यांच्या अवघडपणात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला प्रश्न कोणत्याही संख्येसाठी वाजवी वेळेत, हमखास सोडवता येतो, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. दुसऱ्यासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी तशी जलद रीत आजही कोणाला माहीत नाही. इंटरनेटवरच्या आर्थिक व्यवहारांना संरक्षण देणारी आरएसए ही सांकेतिक पद्धत याच अंतरावर उभी आहे; आणि तिच्या जाहीर किल्लीत बहुधा घातांक म्हणून वापरली जाते ती ६५,५३७, आपल्या संख्येची धाकटी बहीण.

फेर्मा संख्यांचा भूमितीशी संबंध येईल असे फेर्माला वाटले असण्याचे कारण नाही. १७९६ मध्ये, वयाला एकोणीस वर्षेही पुरी नसताना, कार्ल फ्रीडरिख गाऊसने शोधले की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपासने काढता येतो. बाजूंची विषम संख्या ही मूळ फेर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फेर्मा संख्यांचा गुणाकार असेल तर बहुभुज काढता येतो, आणि नसेल तर येत नाही, हा त्यामागचा नियम. गाऊसचा ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ हा ग्रंथ १८०१ मध्ये आला. नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची छापील सिद्धता वाँत्झेलने १८३७ मध्ये दिली. त्यानुसार ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः पट्टी-कंपासने काढता येतो, कारण तिचे पाचही अवयव वेगवेगळे मूळ फेर्मा आहेत. दोन बाजू वाढवून ४,२९,४९,६७,२९७ केल्या की येत नाही. आड येतो तो ६४१.

आपल्या संख्येच्या पुढच्या बहिणी झपाट्याने मोठ्या होतात. २ च्या चौसष्टाव्या घाताची बहीण वीस अंकी. तिचे २,७४,१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ हे अवयव लांद्री या फ्रेंच गृहस्थाने १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी प्रसिद्ध केले. तिच्या पुढचीचे अवयव मिळायला १९७० साल उजाडले. ऑयलरनंतर एकही नवी मूळ फेर्मा संख्या सापडलेली नाही. २ चा आठ अब्जांहून मोठा घात गाठणारी, अडीच अब्जांहून जास्त अंकांची तेहतिसाव्या क्रमांकाची फेर्मा संख्या मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागायचा आहे. क्रम शून्यापासून मोजतात, त्यामुळे आपली संख्या पाचवी ठरते. मूळ फेर्मा संख्या एवढ्या पाचच आहेत, की पुढे आणखी आहेत, याची सिद्धता नाही. १६४० चा प्रश्न उलटा होऊन आपल्यापुढे उभा आहे: फेर्माला सगळ्या मूळ वाटल्या, आज बहुतेकांना वाटते की पुढची एकही मूळ नसावी. दोन्ही अंदाजच.

या क्षेत्रात येणाऱ्याला शिदोरी थोडी लागते. बेरीज, गुणाकार, भागाकार आणि बाकी यांवर हात बसलेला असावा, ‘का?’ हा प्रश्न उत्तर मिळाल्यावरही विचारायची सवय असावी. कलनशास्त्र सुरुवातीला लागत नाही. बाक्यांचे गणित, वर्गांच्या बेरजा, मूळतेच्या कसोट्या आणि अवयव पाडण्याच्या रीती या चार वाटा वरच्या विवेचनात उघडल्या आहेत. त्यांपैकी जी आवडली असेल तिने आधी जावे, बाकीच्या पुढे आपोआप येऊन मिळतात.

एक काम मात्र वाचकासाठी मुद्दाम राखून ठेवले आहे. ६७,००,४१७ ही संख्या मूळ आहे असे इथे गृहीत धरले, दाखवले नाही. तिचे वर्गमूळ २,५८९ हून थोडे कमी आहे. तिचा प्रत्येक मूळ विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून तो १२८ च्या पटीत एक मिळवलेलाच हवा. या मर्यादेत अशा मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. पहिली बाद का, हे वर आलेच आहे. तरी हवी तर तीही तपासावी. कागद-पेन्सिल घेऊन हे चार-पाच भागाकार करावेत, कुठेही बाकी शून्य येत नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे वळावे.